हौशी नभोवाणी आणि जाहिरात



आजचा विषय मी शोधून काढलेला नाही. तो आपल्या पायांनी माझ्या दारी आला. दोन महिन्यांमागे आपल्या वाळूजमधली चार-पाच तरुण मंडळी घरी आली. कोणी कारखान्यात कामाला, कोणी शाळेत शिकवणारा. गावासाठी एक लहानसे नभोवाणी केंद्र काढावे, हा त्यांचा मनोदय. कोणत्या संस्थेच्या नावाने अर्ज करावयाचा, तेही ठरले होते. तेवढ्यात एका उद्योजकाने निरोप धाडला : "यंत्रसामग्रीचा सगळा खर्च आमचा, रोजच्या कार्यक्रमाआधी तेवढे आमचे नाव घ्या." झाले, मंडळीत दोन तट पडले. एक म्हणे, जाहिरातीचा एक पैसा घेतला की केंद्र हातचे गेले. दुसरा म्हणे, पैसा नाही घेतला तर केंद्र उभेच राहत नाही, मग हातचे जाणार काय? "सर, आता तुम्हीच सांगा," असे म्हणून त्यांनी तो वाद माझ्या ओटीत टाकला. त्यांना जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी एक घोळ दूर केला पाहिजे. हौशी रेडिओ म्हटले की काहींना 'हॅम' मंडळी आठवतात. परवाना घेऊन ही मंडळी बिनतारी यंत्रावरून एकमेकांशी बोलतात, आणि १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपासारख्या प्रसंगी निरोप पोचविण्याचे मोठे काम करतात. तेथे पैसे घेऊन काही करावयाचेच नसते, तेव्हा जाहिरातीचा प्रश्न उद्भवत नाही. आपला प्रश्न आहे तो सर्वांना ऐकू जाणाऱ्या लहान केंद्राचा. आपल्या देशात एकट्या माणसाला हौसेखातर असे केंद्र काढता येत नाही. मात्र २००६ च्या धोरणाने शिक्षणसंस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्याबरोबर सेवाभावी संस्थांनाही ही वाट मोकळी केली. यांनाच समुदाय रेडिओ म्हणतात. प्रक्षेपणाची शक्ती शंभर वॅटची, आवाज आसपासच्या पंचक्रोशीपुरता, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत अशी अट. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' अशीच २००८ साली सुरू झाली. आपल्या छत्रपती संभाजीनगरातही 'रेडिओ एमजीएम' आहे.

या धोरणामागे एक विचार आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. त्या खटल्याचे मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत या आपल्या मराठी माणसाचे. नदीचे पाणी जसे कोणा एकाचे नाही, तशी ही लहर कोणा एकाची नाही. ना सरकारची, ना सावकाराची. आपल्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. जी वस्तू सर्वांची, तिच्या खर्चाची थैली एकाच्याच हाती असावी काय?

पण म्हणून पैशाला नाक मुरडूनही चालत नाही. इतिहास काय सांगतो पाहा. १९२३ साली मुंबईत रेडिओ क्लबाच्या हौशी मंडळींनी ध्वनिक्षेपण सुरू केले. १९२७ साली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली. यंत्र बाळगणाऱ्याने वर्षाला दहा रुपये परवाना भरावयाचा आणि त्यातील मोठा वाटा कंपनीने घ्यावयाचा, असा हिशेब होता. परवाने काही हजारांपलीकडे गेले नाहीत, आणि १९३० साली कंपनी बुडाली. केंद्रे सरकारच्या ताब्यात गेली. आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता तेथे तरी निराळे काय घडले? १९३३ साली हैदराबादेत मेहबूब अली या गृहस्थांनी आपले खाजगी लहान केंद्र सुरू केले. १९३५ साली ते निजाम सरकारने घेतले. पुढे औरंगाबादेतही निजामी रेडिओचे केंद्र झाले आणि १९५० साली ते आकाशवाणीत विलीन झाले. अर्थ उघड आहे : ज्या केंद्राला स्वतःचे उत्पन्न नाही, ते आज ना उद्या कोणाच्या तरी मांडीवर जाऊन बसते.

दुसऱ्या टोकाचीही गोष्ट आहे. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांना दूर लोटले, आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. तेथे दंतमंजनाच्या जाहिरातीवर 'बिनाका गीतमाला' दिमाखात चालत होती. अखेर १९५७ साली 'विविध भारती' आली आणि १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूर येथून जाहिरातीही वाजू लागल्या. म्हणून आकाश कोसळले नाही. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. दंतमंजनवाल्याला लोकप्रिय गाणी हवी होती, श्रोत्यालाही तीच हवी होती. दोघांचे हित जुळले. ज्या दिवशी ते जुळणार नाही, त्या दिवशी काय? खरी परीक्षा तेथे आहे.

समजा, वाळूजला केंद्र निघाले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, बजाजनगर येथील खोल्यांतून बीड, जालना, परभणीकडून आलेले कामगार ते ऐकू लागले. एके दिवशी एखादी बाई येऊन सांगते की, आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. किंवा एखादा कामगार यंत्रावर बोटे कशी गेली ते सांगू पाहतो. आणि केंद्राचे भाडे, वीज, पगार सारे एकाच कारखान्याच्या पैशावर चाललेले! त्या कारखान्याचा मालक चांगलाही असेल. तो दूरध्वनी करणार नाही, धमकी देणार नाही. पण ध्वनिमुद्रण करणारा आपला तरुणच मनाशी म्हणेल, 'हे आज नको, पुढच्या आठवड्यात पाहू.' तो पुढचा आठवडा कधी येत नाही. गळचेपी ही अशी बिनआवाजी असते.

आता आकडे पाहू. २००६ साली अशा केंद्रांना तासाला पाच मिनिटे जाहिरात करण्यास मुभा होती. ती वाढत २०२४ साली बारा मिनिटे झाली, आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांस चौऱ्याहत्तर रुपये ठरला. बारा मिनिटे म्हणजे दहा-दहा सेकंदांचे बहात्तर तुकडे. सारे भरले तर तासाला ५,३२८ रुपये. हे कागदावर झाले. सारे तुकडे भरतील अशा भ्रमात कोणी राहू नये. पण पाच-दहा जरी भरले, तरी विजेचे बिल निघते. तेव्हा पिठाची गिरणी, सायकलचे दुकान, खानावळ, शिकवणी यांनी आपले दहा सेकंद घ्यावेत. यात लाज कसली? गावच्या दुकानाची बातमी ही गावाच्याच उपयोगाची. गोष्ट बिघडते ती मिनिट विकल्याने नव्हे, कार्यक्रम विकल्याने. २००६ च्या धोरणानेही हा भेद केला होता : जाहिरातीस मुभा दिली, पण लोकहिताच्या माहितीखेरीज प्रायोजित कार्यक्रमांना मज्जाव केला.

हे समजावयास फार दूर जावे लागत नाही. आपल्याकडे हरिनाम सप्ताह होतो. रोजची पंगत निरनिराळ्या घरची. कोणाची पंगत आहे ते मंडपात पुकारले जाते, आणि त्यात गैर काही नाही. पण आज कोणत्या अभंगावर कीर्तन व्हावे, हे पंगत देणारा सांगत नाही. सांगू लागला, तर गाव त्याची पंगत परत करील! आणि साती दिवसांची पंगत एकाच घरची झाली, तर तो गावचा सप्ताह राहत नाही, त्या घरचे कार्य होते.

म्हणून मी त्या तरुणांना तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, जाहिराती पुष्कळांच्या घ्या, थोड्या-थोड्या घ्या. कोणा एकाचा पैसा, मग तो कारखान्याचा असो की सरकारचा, एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ देऊ नका. दुसरी, श्रोत्यांकडून वर्गणी घ्या. महिना दहा रुपये देणारा कामगार जाब विचारावयास येतो, आणि तो येणे हेच केंद्राचे आरोग्य आहे. तिसरी, पैसा कोणाचा किती आला, तो हिशेब दर महिन्याला केंद्रावरूनच वाचून दाखवा.

"मग त्या उद्योजकाला काय सांगावे?" त्यांनी विचारले. मी म्हटले, त्यांचे आभार माना, आणि म्हणावे, आपणही एका दिवसाची पंगत द्या. सप्ताह मात्र गावाचा राहू द्या.

अर्ज अजून धाडावयाचा आहे. तो कोणत्या अटीवर जावा, हे वर्गणी देणारे तुम्ही आहात की नाही, यावर ठरेल.