घोड्याविना रिसाला

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा आम्ही विषय कोणता म्हणून विचारले. 'विषय तुमचा, वेळ मात्र आमची. वीस मिनिटे,' असे उत्तर आले. आमच्या आधीच्या विद्वान वक्त्यांनी ज्ञानेश्वरी, नर्मदापरिक्रमा आणि नाट्यसंगीत हे विषय घेऊन टाकलेले. आम्ही पडलो साधे बी. ए., आणि उभा जन्म केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात आकड्यांच्या रांगा तपासण्यात गेला. म्हणून म्हटले, आपल्या परिचयाचा विषय घ्यावा : रांग. मात्र ही रांग आकड्यांची नव्हे, घोड्यांची आहे. आणि तीही अस्तित्वात नसलेल्या घोड्यांची.

२० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातले कोविडचे पहिले चार रुग्ण आपल्या या जबलपुरातच सापडले, हे आपणांस स्मरत असेल. पुढच्याच आठवड्यात सारा देश दाराला कडी लावून घरात बसला. आमची कन्या त्या वेळी आठवीत होती. शाळा संगणकाच्या पडद्यावर आली, मैत्रिणी पडद्यावर आल्या, आणि एके दिवशी सायंकाळी सात वाजता तिच्या खोलीतून खणखणीत आज्ञा ऐकू आली, 'राइट… टर्न!' ग्रेनेडिअर्स आणि सिग्नल यांची प्रशिक्षणकेंद्रे ज्या गावात आहेत, तेथे कवायतीची आरोळी कोणास नवी नाही. परंतु ती मैदानावरून यावी, कन्येच्या खोलीतून नव्हे.

प्रकार असा होता. स्वीडनमध्ये २०११ साली सुरू झालेला 'स्टार स्टेबल' नावाचा एक संगणकीय खेळ आहे. योर्विक नावाच्या एका कल्पित बेटावर प्रत्येकीस एक घोडा मिळतो. खेळणाऱ्या मुली आपसांत मंडळे काढतात. अशाच एका मंडळात आमच्या कन्येसह आठ जणी होत्या : दोघी नागपूरच्या, दोघी पुण्याच्या, एक इंदूरची, एक मस्कतची आणि एक न्यू जर्सीची. कुणी कुणाची मावसबहीण, कुणी त्या मावसबहिणीची मैत्रीण. आमचे सायंकाळचे सात म्हणजे मस्कतचे साडेपाच आणि न्यू जर्सीचे सकाळचे साडेनऊ. पडद्यावर घोडे आणि कानाशी सामूहिक दूरध्वनी, असा त्यांचा रोज तासभर सराव चाले.

आम्हांस हे मुळीच रुचले नाही. सप्टेंबरात परीक्षेचे गुण आले, गणिताने मान खाली घातली, आणि आम्ही हुकूम काढला. शाळा संपताच संगणक आमच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली आमच्या खिशात. कन्येने वाद घातला नाही. तिने आमच्याशी बोलणेच सोडले. घरात तीन माणसे, बाहेर जाण्याची सोय नाही, आणि त्यांतील एक मुकी! अखेर अकराव्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, 'अहो, बंद करायचं तर करा. पण ती काय करते ते एकदा बघून तरी बंद करा. ऑफिसात फाईल न वाचता शेरा मारता का तुम्ही?'

हिशेबखात्यातल्या माणसाला याहून वर्मी लागणारा बोल दुसरा नसेल. त्याच सायंकाळी खुर्ची ओढून आम्ही फाईल वाचावयास बसलो.

या मुली शर्यत लावीत नव्हत्या. त्या शिकत होत्या ड्रेसाज, आणि तोही सांघिक. हा फ्रेंच शब्द. अर्थ एवढाच की घोड्यास शिक्षण देणे. घोडा आणि स्वार यांनी ठरलेल्या आकृत्या संथपणे, अचूक आणि स्वाराचा इशारा पाहणाऱ्यास दिसू न देता आखावयाच्या, ही ती विद्या. बळजबरीने करविलेल्या गोष्टीत सौंदर्य नसते, हे अश्वविद्येवर लिहिताना ग्रीक सेनानी झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच सांगून ठेवले. व्हिएन्नाच्या स्पॅनिश अश्वशाळेचा उल्लेख १५७२ पासून सापडतो. तेथे पांढरेशुभ्र घोडे संगीताच्या तालावर एकत्र आकृत्या काढतात. आपल्या मुली योर्विक बेटावर त्याच घराण्याचे बाळबोध गिरवीत होत्या.

रिंगण असते वीस मीटर रुंद आणि चाळीस मीटर लांब. त्याच्या कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी अक्षरे मांडलेली असतात आणि मधोमध एक्स. अक्षरांचा हा चमत्कारिक क्रम कशावरून आला याविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत, सर्वमान्य उत्तर एकही नाही. मुलींचा पहिला धडा एकेरी रांगेचा : दोन घोड्यांत एका घोड्याइतके अंतर, ना कमी ना अधिक. दुसरा धडा जोड्यांचा. तिसरा दिसावयास सोपा आणि करावयास अवघड : रांग सरळ चाललेली असताना आठही जणींनी एकाच क्षणी उजवीकडे वळावयाचे, की एकेरी रांगेची आडवी फळी होते. एक जण क्षणभर चुकली की फळीस दात फुटतात. पुढे कर्णावरून दिशा बदलणे, आणि मग 'सुईदोरा' : दोन रांगा दोन कोपऱ्यांतून येतात आणि मध्यबिंदूवर एकमेकींच्या फटींतून, इकडची एक, तिकडची एक, अशा ओवल्या जातात.

पण आमचे मन जडले ते 'चक्री'वर. आठ घोडे एका आडव्या फळीत उभे राहतात आणि दार बिजागरीवर फिरावे तशी सारी फळी टोकाच्या एका घोड्याभोवती फिरते. आम्ही सवयीने कागद घेतला. दोन घोड्यांत दोन मीटर धरले, तर बाहेरच्या टोकाचा घोडा बिजागरीपासून चौदा मीटरांवर येतो. फळी काटकोनात फिरेपर्यंत त्यास बावीस मीटर चालावे लागते. बिजागरीशेजारच्या घोड्यास तेवढ्याच वेळात जेमतेम तीन. म्हणजे बाहेरचीने धावावयाचे, आतलीने पावले मोजीत रेंगाळावयाचे, आणि रेषा मात्र ताठ! कन्येस हा हिशेब दाखविला. तिने तो पाहिला आणि अकरा दिवसांनंतरचे पहिले वाक्य बोलली, 'बाबा, हे आम्हाला माहीत आहे. पण आकड्यात किती आहे ते नव्हतं माहीत.' गणिताची शिकवणी त्या रात्रीपासून सुरू झाली. वर्तुळाचे प्रकरण आम्ही तीन दिवसांत संपविले. पुस्तकातले बाकी सारे नेहमीच्याच गतीने गेले, हेही सांगितले पाहिजे.

पुढे कोणी गैरहजर असेल तर बदली स्वार म्हणून आम्हांस घेऊ लागले. पुढे, मागे, डावी, उजवी अशा चार कळा. त्यात काय कठीण, असे वाटले होते. पहिल्याच सायंकाळी आम्ही सुईदोऱ्यात शिरलो आणि समोरच्या घोडीच्या पोटातून आरपार बाहेर पडलो. पडद्यावरचे घोडे एकमेकांवर आदळत नाहीत, वाफेसारखे निघून जातात. कुणास इजा नाही, कुणाचा दंड नाही. तरी न्यू जर्सीची मुलगी म्हणाली, 'काका, पुन्हा सुरुवातीपासून.' आठही घोडे निमूटपणे कोपऱ्यात परतले. चुकीची काहीच शिक्षा नसताना चूक न मानता पुढे जाणे किती सोपे असते, हे कचेरीत पुष्कळ पाहिले आहे. या मुलींनी ते एकदाही केले नाही. कन्येने आमचे निदान मात्र निर्दयपणे केले : 'बाबा, तुम्ही नुसतं समोर पाहून राहिले. बाजूच्याकडे पाहा ना!' (आमच्या घरच्या मराठीत नागपूर आणि जबलपूर दोन्ही नांदतात, हे आपण ओळखले असेलच.)

आणखी एक अडचण होती. हाक जबलपुरातून निघून न्यू जर्सीस पोहोचेपर्यंत क्षणभर जातो. प्रत्येकीस दुसरीचा घोडा किंचित जुना दिसतो. त्यावर मुलींनी सैन्यातली जुनी युक्ती शोधून काढली. आज्ञेचे दोन तुकडे करावयाचे : आधी सावध करणारा, मग कृती करविणारा, आणि मधला विराम सर्वांत दूरच्या मुलीस पुरेल एवढा लांब ठेवावयाचा. 'उजवीकडे…' आणि मग 'वळ!' आज्ञा मराठीत आल्या त्याचेही कारण हेच. 'टर्न' हा शब्द दोघींच्या कानी अर्धाच पडे, 'वळ' ठसठशीत पोहोचे. मग इतर शब्दांची शोधाशोध झाली आणि त्या कामी आम्ही कोशासह हजर झालो. ट्रॉटला आपला 'दुडकी' हा शब्द तयारच होता, गॅलपला 'चौखूर'. मधल्या झुलत्या चालीस पुण्याच्या एकीने 'हिंदोळा' हे नाव दिले, तेच रूढ झाले. मस्कतच्या मुलीस तोवर मराठी समजे पण बोलता येत नसे. ती प्रथम आज्ञार्थ शिकली, मग भांडणे शिकली. व्याकरण त्यामागून आले.

१७९८ पासून १८१७ पर्यंत हा जबलपूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. मराठी फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे तो बारगीर, हे आम्ही मुलींस सांगितले. लगेच प्रश्न आला, 'मग आम्ही कोण?' वर्गणी आमची, घोडा स्वीडनच्या कंपनीचा, अर्थात बारगीर! त्या दिवसापासून त्यांच्या मंडळाचे नाव 'बारगीर' झाले.

येथे आमचे मत स्पष्ट नोंदविले पाहिजे. हे अश्वारोहण नव्हे. आम्ही स्वतः लहानपणी माथेरानला एकदाच घोड्यावर बसलो. लगाम घोडेवाल्याच्या हाती होता, तरी दोन दिवस मांड्या बोलत होत्या. खरा घोडा दमतो, बुजतो, रुसतो. स्वार घाबरला तर ते त्यास स्वाराच्या बैठकीवरून कळते. पडद्यावरच्या घोड्यास यातले काही नाही. त्यास ना वास, ना वजन, ना मर्जी. ड्रेसाजचे अर्धे शास्त्र त्या मर्जीत आहे, आणि तेवढे या मुलींच्या हाती लागले नाही. उरलेले अर्धे, म्हणजे शेजारणीची चाल ओळखून आपली चाल ठेवणे, ते लागले. लेझीम ज्यांनी खेळले आहे त्यांस आम्ही काय म्हणतो ते उमजेल.

एप्रिल २०२१ चे दिवस कुणी विसरलेले नाही. नागपूरच्या दोघींपैकी धाकटीचे आजोबा त्या लाटेत गेले. ती सरावास येईना. आठवी जागा रिकामी. आम्ही बदली स्वार, म्हणून सहजपणे संगणकापुढे बसू लागलो. कन्या म्हणाली, 'नाही बाबा. ही जागा भरायची नसते.' त्या सात जणींनी तेरा दिवस जागा मोकळी ठेवून सराव केला. एकेरी रांगेत पाचव्या घोड्यामागे दोन घोड्यांचे आणि एका रिकाम्या घोड्याचे अंतर. सुईदोऱ्यात ती फट सोडून ओवणे. चक्रीत त्या मोकळ्या जागेच्या पलीकडची मुलगी पूर्वीच्याच वेगाने बाहेरून धावे; आत सरकून तिने आपली वाट एकदाही कमी केली नाही. कोणी त्याविषयी बोलत नसे. चौदाव्या दिवशी सात वाजता आठवा घोडा येऊन आपल्या जागी उभा राहिला, आणि कन्येने नेहमीच्या आवाजात म्हटले, 'एकेरी रांग… धर!'

त्या रात्री जेवताना आम्ही विचारले, ही रीत कोठून काढलीत? तिने ताटातून मान वर न करता उत्तर दिले, 'सप्टेंबरात तुम्ही संगणक ठेवून घेतला होता ना बाबा, तेव्हा त्यांनी माझी ठेवली होती. अकरा दिवस.'

आम्हांस पुढचा घास लवकर उतरला नाही.

२६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने सांघिक ड्रेसाजचे सुवर्णपदक प्रथमच जिंकले. अश्वारोहणातले सुवर्ण १९८२ च्या दिल्लीनंतर एक्केचाळीस वर्षांनी आले. त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तिच्यासमवेत दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. घर सोडून युरोपात राहून त्यांनी ही तयारी केली होती. तेथे स्वार एकेक करून रिंगणात उतरतो आणि चौघांतील उत्तम तीन गुणांची बेरीज धरतात, एकूण २०९.२०५ गुण झाले. बारगीर मंडळाच्या आठही जणी, आता कुणी महाविद्यालयात, कुणी परदेशी, दूरध्वनीवर एकत्र जमून ती बातमी साजरी करीत होत्या. इंदूरच्या मुलीने तर पदक स्वतःच मिळविल्याचा थाट केला.

आता थोडे आपल्या मंडळाविषयी. गणेशोत्सवातले आपले लेझीमपथक बंद पडून बरीच वर्षे झाली. मुले येत नाहीत, हे पालुपद प्रत्येक वार्षिक सभेत निघते. आम्हीही ते आळविलेले आहे. गेल्या दिवाळीत कन्या सुट्टीवर आली होती. तिने चिटणीसांकडून मंडळाचे पटांगण मागून घेतले, चुन्याने वीस बाय चाळीसाचा चौकोन आखला आणि ती नऊ अक्षरे लिहिली. खरे स्वारही स्पर्धेपूर्वी आपल्या आकृत्या पायी चालून पाठ करतात, तेव्हा घोडा नसल्याचे कारण चालणार नाही, असे तिने बजावले. पहिल्या रविवारी अकरा मुले आली. त्यांतील चार जणांस मराठी आज्ञा कळेनात. मग शेजारच्याकडे पाहून त्यांनी पावले टाकली. चक्रीस सोळा जण हवेत असे ठरल्यावर कट्ट्यावर बसलेल्या पाच ज्येष्ठ सभासदांस उठविण्यात आले. बिजागरीच्या जागी आपले अध्यक्षमहाराज उभे राहिले; तेथे चालावे लागत नाही, हे त्यांनी आधी विचारून घेतले होते. बाहेरच्या टोकास आम्ही होतो. काटकोनापर्यंत पोहोचलो, पुढे श्वास पुरला नाही आणि फळी वाकडी झाली. कन्येने हात वर केला, आणि सोळाही जण पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

ती आता पुण्यास परतली आहे. आज्ञा दूरध्वनीवरून, ध्वनिक्षेपकाला जोडून देते. सराव दर रविवारी सायंकाळी पाच वाजता असतो. चुना कार्यालयातल्या कपाटात ठेवला आहे. चक्रीच्या बाहेरच्या टोकासाठी गुडघे धड असलेले दोन सभासद हवे आहेत. इच्छुकांनी सभेनंतर आम्हांस भेटावे.