माणसे नसलेला घाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



आज चित्रकलेवर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. रांगोळी आणि भरतकाम यांपलीकडे माझ्या हाताला रंग माहीत नाही. परंतु चित्र पाहायला डोळे लागतात आणि ते देवाने आपणां सर्वांना दिले आहेत, एवढ्याच धीरावर मी उभी आहे.

आपल्या घरांत निसर्गचित्र म्हटले की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि एक झोपडी. यात काय आहे, हे कोणाला विचारावे लागत नाही. पण आपल्याच देशात असेही निसर्गचित्रकार झाले की त्यांच्या चित्रात झाड ओळखू येत नाही, घर ओळखू येत नाही. नुसते रंगांचे पट्टे. त्याला अमूर्त चित्र म्हणतात. ते पाहिले की आपण चटकन म्हणतो, "इश्श, हे तर आमचा बाळूही काढील!" या म्हणण्याला उत्तर म्हणून मी रामकुमार या चित्रकाराची हकीकत सांगते.

रामकुमार यांचा जन्म १९२४ साली सिमल्यास झाला. अर्थशास्त्र घेऊन ते एम. ए. झाले, बँकेत नोकरी धरली आणि चित्रांसाठी ती सोडली. पुढे पॅरिसला जाऊन शिकून आले. ते हिंदीत कथाही लिहीत. प्रसिद्ध लेखक निर्मल वर्मा हे त्यांचे धाकटे बंधू. प्रारंभी रामकुमार माणसेच काढीत. शहरातली, कामधंद्यावाचून हिंडणारी, उदास चेहऱ्यांची माणसे. तेव्हा त्यांना माणूस काढता येत नव्हता, असे कोणी म्हणू नये.

१९६० च्या सुमारास ते चित्रकार हुसेन यांच्यासोबत काशीला गेले. काशी आपल्याला परकी नाही. अहिल्याबाईंनी १७८० साली बांधविलेले विश्वेश्वराचे देऊळ तिथे आहे, त्यांच्या नावाचा घाट आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींनी तिथून गंगेचे गडू आणले आहेत. तिथली गर्दी काय सांगावी! रामकुमार मणिकर्णिका घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहत. दूरदूरच्या गावांहून नावांतून प्रेते येत आणि अग्नीसाठी आपली पाळी येण्याची वाट पाहत पडून राहत. हे सारे त्यांनी पाहिले. आणि भगिनींनो, नवल असे की त्यानंतर त्यांच्या चित्रांतून माणसेच नाहीशी झाली! एकमेकींना चिकटून उभी असलेली घरे, अंधारी दारे, पायऱ्या आणि पाणी, एवढेच उरले. रंगही राखेचे आणि मातीचे. पुढे वर्षे गेली तशी घरेही विरघळली. राहिले ते गेरूचे, निळे, हिरवट रुंद फटकारे. हे ऊन की वाळू, नदी की आभाळ, ते आपण ठरवावे.

ही चित्रे एका पुस्तकात मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना दाखविली. त्या भाऊजींच्या अस्थी घेऊन काशीला गेल्या होत्या. बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, घाटावर माणसे पुष्कळ होती. पण त्या दिवशी मला एकही दिसले नाही. असाच दिसला होता मला घाट." त्यांनी आजवर तो प्रवास कोणाला सांगितला नव्हता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगत बसल्या.

मला वाटते, बाळूच्या कागदात आणि या चित्रात फरक आहे तो इथे. बाळूने अजून काही पाहिलेले नाही. यांनी सर्व पाहिले, आणि जे दाखवून कळणार नव्हते ते गाळले.

अशी चित्रे पाहावी कशी? "हे काय आहे?" असे लगेच विचारू नये. सारवलेल्या जमिनीकडे आपण पाहतो ना? तिथे चित्र नसते, हाताचे फटकारे तेवढे असतात, तरी नजर निवते. तसे जरा स्वस्थ उभे राहावे. आपले वासुदेव गायतोंडे गिरगावात वाढले, १९४८ साली जे. जे. स्कूलमधून बाहेर पडले. रूळ आणि सुरी घेऊन रंगांवर रंग चढवीत ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. ज्याला करायला इतका वेळ लागतो, त्याला पाहायला पाच मिनिटे तरी द्यावीत.

रामकुमार २०१८ साली वारले. मुंबईस गेलात तर खरेदीतून तासभर काढून जहांगीर कलादालनात जरूर जावे. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आपल्याला दिवसभर कोणी ना कोणी हाक मारीत असते. काहीही न मागणाऱ्या वस्तूसमोर घटकाभर उभे राहणे ही चैन नव्हे, बायांनो, ती आपली गरज आहे.