यीस्टला घाई चालत नाही



गेल्या हिवाळ्यात नोकरी गेली आणि बारा वर्षांनी मी ऑरेगनमधल्या घरी पुन्हा बिअर केली. जुन्या हॉप्सना चीजसारखा वास येत होता. ते फेकले, यीस्टही ताजं आणलं. भरडलेलं मॉल्ट 67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं, गाळलं, हॉप्स घालून तासभर उकळलं, 20 अंशांवर आणून यीस्ट सोडलं. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू!

सॉफ्टवेअरमध्ये रात्र जागून तारीख गाठता येते. इथे दोन आठवडे थांबावंच लागतं. रोज नकाराच्या ईमेल येत होत्या, तेव्हा आपल्या गतीनं पुढे जाणारी घरातली ती एकच गोष्ट होती. तिनं मला सावरलं.

बाई, तुमचा किण्वनाचा धडा असा कामी आला!