वेशीवरचा राखणदार

मुलाच्या हातीं चित्रकथेचें पुस्तक दिसलें कीं वडील माणसांच्या कपाळास आठी पडते. अंगाला चिकटलेला रंगीत पोशाख, पाठीवर फडफडणारा शेला आणि एका ठोशासरशी कोसळणारी भिंत, यापलीकडे त्या पानांत कांहीं नसावें अशी त्यांची समजूत असते. परंतु वर्गांत मागच्या बांकावर बसणारें, फारसें न बोलणारें एखादें मूल त्याच पुस्तकांत तासन्‌तास बुडून राहतें, तें केवळ ठोशांसाठीं नव्हे. एवढ्या बलवान वीराला हक्काचें घर नाहीं आणि स्वतःचें खरें नांव चारचौघांत सांगण्याची सोय नाहीं, हें त्या मुलाच्या ध्यानीं आलेलें असतें.

या वीरांचा मूळपुरुष सुपरमॅन. १९३८ सालीं तो अमेरिकेंत प्रथम छापून आला. जेरी सीगल व जो शूस्टर हे त्याचे जनक. क्लीव्हलंड शहरांतल्या एकाच शाळेंत शिकलेले हे दोघे तरुण, आणि दोघांचेंहि घराणें युरोपांतून स्थलांतर करून आलेल्या यहुद्यांचें. त्यांचा वीरहि असाच दूरदेशींचा. त्याच्या ग्रहाचा नाश होत असतां आईबापांनीं त्याला एका लहानशा यानांत घालून आकाशांत सोडून दिलें, आणि परक्या पृथ्वीवर परक्या जोडप्यानें त्याला वाढविलें. एरव्हीं तो चष्मा लावून वर्तमानपत्राच्या कचेरींत भिडस्त बातमीदार म्हणून वावरतो. चष्मा लावल्यानें माणूस ओळखूं येत नाहीं, ही गोष्ट कोणाहि शहाण्या माणसाला पटणार नाहीं. पण खेड्यांतून शहराच्या शाळेंत आलेल्या आणि घरची बोली ओठांआड दडविणाऱ्या मुलाला तो चष्मा तंतोतंत खरा वाटतो. पुढील लेखकांनीं तर या वीराला ध्रुवप्रदेशाच्या बर्फांत एक किल्ला बांधून दिला आणि त्याचें नांवच ठेवलें एकांताचा दुर्ग!

त्याचाच एक वडील भाऊ म्हणजे ली फॉक याचा फॅन्टम. तो १९३६ मध्यें जन्मास आला. रानांत, कवटीच्या आकाराच्या गुहेंत त्याची वस्ती. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला १९६४ पासून १९९० पर्यंत चालली आणि तिच्या मराठी पुस्तकांतून हा फॅन्टम ‘वेताळ’ झाला. नांव ठेवणाराचा हेतु कदाचित् भय निर्माण करण्याचाच असेल, पण निवड मात्र अचूक साधली. वेताळ हा भुतांचा राजा खरा, तसाच तो गांवाचा राखणदारहि. त्याचा शेंदूर फासलेला दगड बहुधा गांवाबाहेर, उघड्या आभाळाखालीं असतो. कोंकणांत व गोव्यांत त्याला चामड्याच्या वहाणा वाहण्याची चाल आहे. रात्रभर फेरी घालून त्या झिजतात अशी श्रद्धा. गांव निजतें, तो चालत राहतो. झिजलेल्या वहाणांच्या जागीं नव्या येतात. घरांत या, दोन घटका टेका, असें मात्र त्याला कोणी म्हणत नाहीं.

येथवर कल्पनेचा प्रांत झाला. परंतु रक्षण करणाराला बाहेर ठेवण्याची ही रीत केवळ दगडाच्या देवापुरती नव्हती. महाराष्ट्रांतील खेडोपाडीं वेशीचा दरवाजा राखणें, रात्रीं गस्त घालणें, सरकारी वसूल ठाण्यावर पोंचता करणें, हीं कामें महार वतनदाराकडे असत. शिवेचा तंटा पडला तर हद्द दाखविण्यास त्यालाच बोलावीत आणि त्याचा शब्द प्रमाण मानीत. असा तो गांवाचा येसकर, आणि त्याचें घर वेशीबाहेर! सरकारचा पैका ज्याच्या हातीं निर्धास्तपणें सोंपवावा, त्याच हातचें पाणी मात्र चालत नसे. चित्रकथेंतला वीर पोशाख उतरवून गर्दींत मिसळूं शकतो. येसकराला उतरवून ठेवतां येईल असा पोशाखच नव्हता.

नाशिकच्या उत्तरेस दिंडोरी तालुका आहे. द्राक्षांमुळें तो आतां सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. त्यांतील आंबे या गांवीं १५ ऑक्टोबर १९०२ रोजीं अशाच समाजांत भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म झाला. लोक त्यांना पुढें कर्मवीर दादासाहेब म्हणूं लागले. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां सत्याग्रह समितीचे चिटणीस गायकवाड होते. मंदिराचे दरवाजे आंतून लावून घेण्यांत आले आणि सत्याग्रही स्त्रीपुरुष त्या बंद दरवाज्यांपुढें बसले. चित्रकथा असती तर पुढच्याच पानावर दरवाजा उखडला गेला असता. येथें तो उघडला नाहीं. मधून मधून खंड पडत हा लढा सुमारें पांच वर्षें चालला. गांवाचा दरवाजा पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्यांच्या मुलांनीं एका दरवाज्याबाहेर काढलेलीं तीं पांच वर्षें! मार्च १९३४ मध्यें आंबेडकरांनीं गायकवाडांस पत्र लिहून या चळवळीचा हेतु स्पष्ट केला. मूर्तिपूजेची ओढ हें तिचें कारण नव्हतें, आपल्या लोकांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी हें होतें.

आपण बाहेरचे आहोंत हें मनांत कुढत बसणें निराळें आणि तें चारचौघांत उभें राहून सांगणें निराळें. एकांताचा दुर्ग पहिल्या प्रकारच्या दुःखासाठीं बांधलेला असतो. गायकवाडांना तो परवडणारा नव्हता. त्यांच्यामागें माणसें होतीं. महार वतन म्हणजे मान नसून वेठ आहे, ही गोष्ट आंबेडकरांनीं १९२८ मध्येंच मुंबई कायदे कौन्सिलांत विधेयक आणून मांडली होती. तीं वतनें नाहींशीं करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडलें. तोंवर गायकवाड नाशिकतर्फें लोकसभेंत जाऊन बसले होते. पण ते तेवढ्यावर थांबले नाहींत. १९५९ सालीं आणि पुन्हां १९६४ सालीं पडीक जमीन भूमिहीनांस मिळावी म्हणून त्यांनीं सत्याग्रह उभारले. त्यांत हजारों स्त्रीपुरुष तुरुंगांत गेले, आणि दुसऱ्या खेपेस मागणी केली ती एका जातीसाठीं नव्हे, ज्याला जमीन नाहीं अशा प्रत्येकासाठीं.