पावती नसलेले दान
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



दानाचे महत्त्व या सभेस नव्याने सांगावयास नको. परंतु आज आम्ही ज्या दानाविषयी बोलणार आहोत, त्याची पावती फाडता येत नाही. ते दान अवयवांचे होय.

अमेरिकेतील पिट्सबर्ग हे पोलादाचे नगर. 1980 नंतर तेथील भट्ट्या एकामागून एक विझू लागल्या. त्याच सुमारास तेथील विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत एक निराळेच कार्य सुरू झाले. 1981 च्या आरंभी डॉ. थॉमस स्टार्झल हे शल्यविशारद तेथे रुजू झाले. मनुष्याच्या यकृताचे पहिले रोपण त्यांनीच 1963 साली कोलोरॅडो विद्यापीठात केले होते. तो रुग्ण तीन वर्षांचा बालक होता आणि तो शस्त्रक्रियेतच दगावला. 1967 साली यश आले खरे, तथापि पुढेही कित्येक वर्षे बहुतेक रुग्ण वर्षभरसुद्धा जगत नसत. शरीर परक्या अवयवास शत्रू समजून त्याचा नाश करू पाहते, हे त्याचे मुख्य कारण.

नॉर्वेच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघाले आणि हा विरोध आवरता येऊ लागला. पिट्सबर्ग येथेही आरंभीचे रुग्ण दगावले. पण काम थांबले नाही. पुढे जपानच्या मातीतील सूक्ष्म जीवांपासून मिळालेले टॅक्रोलिमस हे औषध 1989 साली याच केंद्रात रुग्णांस प्रथम देण्यात आले.

हे कार्य एकट्या शल्यविशारदाचे नव्हे. काढलेले यकृत काही तासच टिकते. म्हणून अपरात्री निरोप येताच एका तुकडीने अवयव आणावयास धावावे, दुसरीने रुग्णास सिद्ध करावे. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, परिचारिका, प्रयोगशाळा या सर्वांनी जागे राहावे, तेव्हा एक जीव वाचतो. विद्यापीठात हे केंद्र असण्याचा लाभ असा, की तेथे अपयशाचीही नोंद होते, तिचा अभ्यास होतो आणि शिकलेले शिष्य अन्यत्र जाऊन नवी केंद्रे उभारतात. पिट्सबर्गचे शिष्य असेच देशोदेशी गेले. डॉ. स्टार्झल 2017 साली निवर्तले. त्यांच्या नावाची संस्था आजही तेथे कार्य करीत आहे.

परंतु एक वस्तू कोणत्याही विद्यापीठास निर्माण करता येत नाही, आणि ती म्हणजे स्वतः अवयव. तो समाजानेच द्यावा लागतो.

आपल्या देशात यासंबंधीचा कायदा 1994 साली झाला आणि फेब्रुवारी 1995 पासून महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत प्रथम लागू झाला. मेंदूचा मूलस्तंभ कायमचा निकामी झाल्याचे चार डॉक्टरांनी निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवावे लागते. त्यानंतर आप्तांच्या संमतीनेच अवयव घेता येतो. असे असूनही आपल्याकडे मूत्रपिंडे बहुधा जिवंत नातलगांकडूनच मिळतात, आणि अशा दात्यांत स्त्रिया पुरुषांहून पुष्कळ अधिक असतात. मृताचा देह अवयवांसह अग्नीस द्यावयाचा आणि जिवंत आईच्या वा पत्नीच्या पोटावर शस्त्र चालवावयाचे, हा व्यवहार आपणांस शोभतो काय?

ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलण्यास कारण आहे. अवयव जुळवताना रक्तगट पाहतात, निकड पाहतात. जात कोणी विचारीत नाही. आपण दिलेला अवयव कोणाकडे जाईल हे आपणांस कळणार नाही, आणि आपल्या लेकरास लागणारा अवयव कोणाकडून येईल हेही कळणार नाही.

दुःखाच्या घडीस, रुग्णालयाच्या ओसरीत, हा निर्णय घेणे फार कठीण. म्हणून आमची विनंती एवढीच, की आज घरी गेल्यावर, सर्व मंडळी जेवावयास बसली असता, हा विषय काढावा आणि आपली इच्छा स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी. पुढे निर्णय घेण्याची वेळ आलीच, तर तो घेणाऱ्यांचा भार त्या शब्दांनी हलका होईल.