कागद राखणाऱ्यांचा गौरव



इतिहास लिहिणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर येते; कागद राखणाऱ्याचे नाव क्वचितच कोणी विचारतो. पांडुरंग पिसुर्लेकर हे दोन्ही होते. सत्तरीतील पिसुर्ले गावी १८९४ साली जन्मलेल्या या संशोधकाने गोव्याचे पुराभिलेखागार सुमारे तीन दशके सांभाळले. तेथील दप्तरांच्या व्यासंगातून सिद्ध झालेला त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केला. विद्वानांनी त्यांचा यथोचित सन्मानही केला.

तथापि, राखणदाराचा गौरव केवळ शाल-श्रीफळाने पुरा होत नाही. त्याने जपलेला कागद पुढच्या पिढीने उलगडून वाचावा लागतो. पेडणे महालात कोणाच्या माळ्यावर मोडी दप्तर असेल, तर ते वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी ग्रंथालयात यावे आणि जपणाऱ्या घराचे नाव त्यावर आदराने नोंदले जावे.