वाहत्या पाण्याच्या तळाशी उतरणारा गायक पक्षी

हिमालयातील ज्या ओढ्यांचे पाणी खडकांवर आदळून सतत फेसाळत असते, त्यांच्या काठी तपकिरी डिपर हा सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा, आखूड शेपटीचा पक्षी राहतो. सिंक्लस या प्रजातीत जगभरात अवघ्या पाच जाती असून त्यांपैकी तपकिरी आणि पांढऱ्या गळ्याचा अशा दोन भारतात आढळतात. सह्याद्रीत मात्र त्यांतील एकही नाही. चिमणी आणि बुलबुल ज्या गणातले, त्याच फांदीवर पकड घेऊन बसणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला हा पक्षी. तरीही अन्नासाठी तो थेट प्रवाहात शिरतो, आणि पाण्याखालच्या जीवनाशी इतका एकरूप झालेला दुसरा पक्षी या गणात नाही.

बदकासारखे पडदे त्याच्या बोटांना नसतात. पाण्याखाली तो आखूड पण बळकट पंख वल्ह्यांसारखे मारतो, नखांनी दगडांना धरून राहतो आणि गोट्यांखाली दडलेल्या कीटकांच्या अळ्या शोधतो. त्यांत कॅडिस माशीची अळी महत्त्वाची. ती बारीक खडे आणि काड्या स्वतःच्या रेशमी धाग्याने जोडून अंगाभोवती नळी रचते, आणि डिपर ती अळी वर आणून, दगडावर आपटून नळीतून मोकळी करतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या मोठ्या तैलग्रंथीतील तेल तो चोचीने दाट पिसांना चोळतो, त्यामुळे बर्फाळ पाणी कातडीपर्यंत सहसा पोहोचत नाही. गाणे तर त्याहून विलक्षण म्हणावे लागेल, कारण नर आणि मादी दोघेही गातात, तेही ऐन हिवाळ्यात, आणि त्यांचा उंच पट्टीतला स्वर पाण्याच्या घोंघावातूनही ऐकू येतो.

हे सारे जीवन तळाच्या दगडांवर अवलंबून असल्याने पाणी बिघडल्याची पहिली झळ डिपरलाच बसते, आणि म्हणूनच अभ्यासक त्याला नदीच्या आरोग्याचा निर्देशक, म्हणजे तिची स्थिती दाखवून देणारा जीव, मानतात. वेल्समध्ये १९८०च्या दशकात झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की आम्लधर्मी झालेल्या ओढ्यांवर पांढऱ्या गळ्याचे डिपर विरळ होते, कारण तेथील अळ्या आणि कॅल्शियमयुक्त भक्ष्य कमी झाले होते; जे पक्षी तेथे टिकून होते, त्यांच्या अंड्यांची कवचे स्वच्छ ओढ्यांवरील अंड्यांच्या मानाने पातळ आढळली.